ला बायादेर : परडीतला साप आणि आईचा निकाल

मुक्तछंदा | शनिवार, रात्री ११:२०

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला आली आहे. दुपारी चारला अंधार, मालिका बघून संपलेल्या. काल म्हटलं, चल, तुला एक बॅले दाखवते. लंडनच्या रॉयल बॅलेचा २०१८ चा ‘ला बायादेर’ माझ्याकडे डिस्कवर आहे. मारियानेला नुन्येझ ही निकिया, वादिम मुंतागिरोव सोलोर, नताल्या ओसिपोवा गमझाती. आईने मटार सोलायला घेतले आणि म्हणाली, "लाव, बघू तुझं ते चवड्यावरचं."

गोष्ट थोडक्यात. निकिया देवळातली नर्तकी. सोलोर हा लढवय्या, तिच्यावर प्रेम करणारा. पवित्र अग्नीसमोर तो तिला शपथ देतो. देवळाच्या मुख्य ब्राह्मणाचाही जीव निकियावर, आणि ती शपथ तो चोरून ऐकतो. (आई : "भटजींचं लक्ष पूजेत नाही.") तिकडे राजाने आपल्या मुलीसाठी, गमझातीसाठी, सोलोरच पसंत केलेला. सोलोरला गमझाती दिसते आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटते. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, नुसता उभा. ब्राह्मण राजाकडे चुगली करतो. त्याला वाटतं राजा सोलोरला संपवेल. राजा हुशार. जावई कशाला मारायचा? नर्तकी स्वस्त.

मग गमझाती निकियाला बोलावून घेते. पूर्ण बॅलेतला हा माझा सर्वांत आवडता प्रसंग, आणि यात नाच जवळजवळ नाहीच, सगळा अभिनय. गमझाती आधी दागिने देऊ करते. निकिया नाकारते. वाद वाढतो, निकियाच्या हाती सुरा लागतो आणि ती तो उगारते. दासी मध्ये पडते, निकिया स्वतःलाच घाबरून पळून जाते. मागे उरलेली गमझाती मूठ आवळून ती खाली आणते. शब्द एकही नाही, पण "आता ही जगत नाही" हे मटार सोलणाऱ्या बाईलाही कळलं. मी नऊ वर्षं डोंबिवलीत भरतनाट्यम शिकले, सवतीमत्सराच्या पदांवर अभिनय केला, पण दोन बायका समोरासमोर आणि मध्ये सुरा असं आमच्याकडे कधी नव्हतं. आमची खंडिता नायिका नायकाच्या अंगावरच्या खुणा मोजते, सवतीच्या अंगावर जात नाही.

साखरपुड्यात निकियाला नाचायला लावतात. संथ, कण्हल्यासारखा नाच. मग तिला फुलांची परडी मिळते, तिला वाटतं सोलोरने पाठवली. ती आनंदाने वेगात नाचू लागते, परडी उराशी धरते आणि आतला साप चावतो. आई ताडकन म्हणाली, "परीक्षिताचं बोर!" तेच की. तक्षक बोरातून, हा फुलांतून. ब्राह्मण उतारा देऊ करतो, अट अर्थात तीच. निकिया सोलोरकडे बघते, तो गमझातीबरोबर. ती उतारा घेत नाही.

यानंतर सोलोर अफूच्या धुरात पडतो आणि ‘छायांचं राज्य’ सुरू होतं. त्याच्याबद्दल मी काय लिहू? अंधारात मागे एक उतार. त्यावरून पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी येते, एका पायावर तोलून दुसरा मागे उचलते, धड पुढे झुकवते, मग मागे रेलून हात डोक्यावर नेते, दोन पावलं चालते. तिच्या मागे दुसरी. तेच. मग तिसरी. तेच. सूर संथ, फिरून फिरून तेच वळण. चोवीस जणी उतरेपर्यंत दुसरं काही घडत नाही. आईच्या हातात मटाराची शेंग अर्धी उघडलेली तशीच होती.

शेवटी लग्न लागत असताना देऊळ कोसळतं, सगळे गाडले जातात आणि निकिया-सोलोर पलीकडे एकत्र दिसतात. यावर आईचा निकाल : "हे काही बरोबर नाही. तो तिला का मिळाला?"

मला विचारायचंय तेच. तुमच्या मते निकियाला मारलं कुणी? आणि शेवट कुठे व्हायला हवा, छायांपाशी की पडलेल्या देवळापाशी?

---

सोनचाफा | शनिवार, रात्री ११:४१

वाचतेय. आईंना सा. न.

---

रापचिक | रविवार, सकाळी ८:०५

म्हणजे थोडक्यात संशयकल्लोळ, पण इथे साप खरा आणि फाल्गुनराव गायब.

---

मांडवीतीर | रविवार, सकाळी ९:३०

छान लिहिलंय. नावाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण ते नाव आमच्या दारातून गेलंय.

बायादेर हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बायलादेइरा’वरून आला. पोर्तुगीजमध्ये ‘बायलार’ म्हणजे नाचणे, म्हणून बायलादेइरा म्हणजे नाचणारी. गोव्यात नि भारताच्या किनाऱ्यावर देवळांत नाचगाणं करणाऱ्या बायकांना पोर्तुगीज हाच शब्द लावायचे. आम्ही ज्यांना कलावंत, भाविण म्हणायचो त्या बायका त्यांच्या कागदांत अशा एका शब्दात कोंबल्या गेल्या. तो शब्द प्रवाशांच्या वह्यांतून फ्रान्सला गेला, कवींच्या हाती लागला आणि सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर पोचेपर्यंत त्यातली मूळची बाई गळून पडली होती. उरला पारदर्शक ओढणीतला एक सुस्कारा.

आमच्या कलावंतांच्या घरांतून पुढे कोण आलं हे इथे सांगायला नको. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. निकियासारखी उतारा नाकारून मरायची चैन यांना परवडणारी नव्हती. त्या रियाज करत राहिल्या. (कुर्डी आता साळावली धरणाखाली आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं. अवांतर झालं, पण छाया म्हटल्यावर तेच आठवलं.)

---

इतिहासाचा_मास्तर | रविवार, सकाळी १०:१५

@मांडवीतीर, उत्तम. भर घालतो.

युरोपात बायादेर आधी शब्दांत आली, मग अंगाने. ग्योटेची देव आणि बायादेर ही कविता १७९७ ची. तिच्यावरून पॅरिसला १८३० मध्ये ओबेरचा ऑपेरा-बॅले आला आणि त्यात मारी ताल्योनी नाचली. खऱ्या देवदासी पॅरिसला गेल्या १८३८ मध्ये, पाँडिचेरीजवळच्या एका देवळातल्या. त्यांच्यातली अम्मनी तिथे गाजली, तिचा ब्राँझचा छोटा पुतळाही घडवला गेला. फ्रेंच लेखक तेओफिल गोत्ये तिच्यावर भारावून लिहीत होता. याच गोत्येने पुढे १८४१ च्या ‘जिझेल’ची कथा रचली, आणि १८५८ मध्ये पॅरिसला शाकुंतलावरचा बॅले लिहिला. त्याचं नृत्य बसवलं लुसियाँ पेतिपाने. त्याचा धाकटा भाऊ मारियुस रशियात होता. ‘ला बायादेर’ त्या मारियुसचा, १८७७ चा, संगीत लुडविग मिंकुसचं.

आता गंमत. मूळ कथेत राजाचं नाव दुग्मंत. दुष्यंताची सावली दिसते की नाही? आणि हा दुग्मंत राजा कुठला, तर गोवळकोंड्याचा! कुतुबशाहीच्या गोवळकोंड्यात हिंदू राजा, देवळात अग्यारीसारखा अग्नी, त्याच देवळात फकीर, आणि उत्सवाला बद्रीनाथाचं नाव. पेतिपा मार्सेचा, मिंकुस व्हिएन्नाचा. गोवळकोंड्याच्या दरबारात व्हिएन्नाचे वॉल्ट्झ वाजतात ते त्यामुळे.

पेतिपाचा हा बॅले रंगमंचावर आल्यावर तिसऱ्याच वर्षी, १८८० मध्ये, पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं. शकुंतला एकच, पण तिकडे ती वॉल्ट्झवर गेली आणि इकडे साकी-दिंडीवर.

---

बोरिवली_फास्ट | रविवार, दुपारी १:०२

सोलोरची बाजू कुणी घेणार नसेल तर मी घेतो. राजाचा चाकर आहे तो. राजाने मुलगी देतो म्हटल्यावर काय सांगेल, माझं देवळात जमलंय? निकियाला मारलं राजाने. कट त्याचा, साप त्याचा. गमझाती फक्त ऐकून होती.

---

तनुजा_मि | रविवार, दुपारी १:२०

@बोरिवली_फास्ट, फक्त ऐकून?! तिने स्वतः मूठ आवळून सांगितलंय की.

आणि चाकर असला तरी साप चावल्यावर धावत जायला राजाची परवानगी लागते का?

---

बोरिवली_फास्ट | रविवार, दुपारी १:२४

तो धावतो. नंतर.

---

मुक्तछंदा | रविवार, दुपारी १:५५

"नंतर" :) आईला वाचून दाखवलं. म्हणाली, सगळे नंतरच धावतात.

मला वाटतं लिहिणाऱ्याने मुद्दाम कोडं केलंय. चुगली ब्राह्मणाची, बेत राजाचा, इच्छा गमझातीची आणि गप्प राहणं सोलोरचं. परडी म्हणून चौघांच्या हातून गेलेली आहे. शिवाय उतारा समोर असताना तो न घेणं हे निकियाचं स्वतःचं. माझा राग सोलोरवर जास्त आहे, कारण बाकीच्यांना निदान काहीतरी हवं होतं. त्याला काय हवंय तेच कळत नाही.

---

आजोबा_७१ | रविवार, संध्याकाळी ६:४०

नमस्कार. मी इथे क्वचित लिहितो. १९७६ च्या हिवाळ्यात कारखान्याच्या प्रशिक्षणासाठी मी लेनिनग्राडला होतो. आमच्यातल्या चौघा मराठी पोरांना दुभाष्या बाईंनी किरोव्ह थिएटरची तिकिटं काढून दिली, म्हणाल्या तुमच्याच देशाची गोष्ट आहे. आम्ही कोट झाडून गेलो.

पहिल्या अंकात आम्ही चौघे हसू दाबत होतो हे कबूल करतो. फकीर उड्या मारत होते. एक मुलगी डोक्यावर घागर तोलून नाचली, ते मात्र आवडलं, गावची आठवण झाली. अंगभर सोनेरी रंग फासलेला एक पोरगा मूर्ती होऊन आला आणि असा काही उडाला की आमचं हसू थांबलं. मध्यंतरात काळ्या पावावर मासा घातलेलं काहीतरी खाल्लं, ते जमलं नाही.

पण तुम्ही लिहिलेलं देऊळ आमच्या प्रयोगात पडलंच नाही. पांढऱ्या मुली उतरल्या, नाचल्या, आणि पडदा. मी इतकी वर्षं समजत होतो की सोलोर अफूत मेला. आणि मुली चोवीस नव्हत्या. मी मोजल्या होत्या, बत्तीस भरल्या. खेड्यातून आलेल्याला सगळं मोजायची सवय असते.

---

इतिहासाचा_मास्तर | रविवार, संध्याकाळी ७:२५

काका, तुमची मोजणी बरोबर आहे आणि ताईंचीही. रॉयल बॅलेत चोवीस असतात, किरोव्हला बत्तीस. खुद्द पेतिपाने १९०० मध्ये हा बॅले पुन्हा बसवला तेव्हा अठ्ठेचाळीस घेतल्या होत्या. १८७७ ला छायांचा प्रवेश लख्ख उजेडातल्या मायावी महालात होता. अंधार आणि हिमालयाचे कडे आले ते १९०० मध्ये. ती एकामागून एक उतरणारी रांग पेतिपाला गुस्ताव्ह दोरे या चित्रकाराच्या, दान्तेच्या स्वर्गावरच्या चित्रांवरून सुचली असं सांगतात.

देवळाचं म्हणाल तर रशियन क्रांतीनंतर शेवटचा अंक गळाला. १९४१ मध्ये पोनोमार्योव्ह आणि चाबुकियानी यांनी किरोव्हसाठी जी रचना केली ती छायांपाशीच संपते. तुम्ही तीच पाहिलीत. तुमचा सोनेरी पोरगाही पेतिपाचा नव्हे, तो १९४८ मध्ये झुबकोव्हस्कीने घातला. किरोव्हची नर्तकी नताल्या माकारोव्हा १९७० मध्ये लंडनला असताना सोव्हिएत देश सोडून राहिली. तिने १९८० मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन बॅले थिएटरसाठी हा बॅले पुरा बसवताना पडणारं देऊळ परत आणलं. लंडनला १९८९ पासून तीच रचना आहे.

किरोव्हचाच नर्तक नुरेयेव, त्याचंही सांगायला हवं. मे १९६१ मध्ये किरोव्हसोबत तो पॅरिसला गेला, तिथल्या प्रेक्षकांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते याच छायांच्या प्रवेशात, सोलोर म्हणून. १६ जूनला ल बूर्जे विमानतळावर तो परत न जाता तिथेच राहिला. आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी हा बॅले बसवला तेव्हा इतका आजारी होता की शेवटी त्याला धरून रंगमंचावर आणावं लागलं. जानेवारी १९९३ मध्ये गेला. त्याच्याही रचनेत देऊळ पडत नाही.

---

कथकवाली | रविवार, रात्री ९:१०

मी पुण्यात तिशीनंतर बॅले शिकायला गेले (हसू नका), त्यामुळे त्या उतारावरचं थोडं सांगू शकते.

बघताना वाटतं सोपं आहे, एकच तर हालचाल. मुळात एका पायावर थांबून दुसरा मागे उचलणं सपाट जमिनीवरच पोटऱ्या कापायला लावतं. इथे जमीन उतरती, म्हणजे वजन आपोआप पुढे ढकललं जातं आणि तुम्हाला ते मागे धरून ठेवायचं. उजेड अंधुक, त्यामुळे नजर रोवायला जागा नाही. आणि सर्वांत हाल पहिल्या मुलीचे. शेवटची उतरेपर्यंत ती तेच करत राहते, डझनावारी वेळा, आणि त्यानंतर सगळ्याजणी ओळीत उभ्या राहून पुन्हा पाय उचलून धरतात. एक डळमळली की बाकीच्या तेवीस वाया, कारण डोळा नेमका तिच्यावर जातो.

कथकात आम्ही तत्कार करतो तेव्हाही तेच ते असतं, पण आमच्याकडे लय वाढते, प्रेक्षक मोजत राहतो, समेवर दाद देतो. इथे लय वाढतच नाही. दाद द्यायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून माझं मत : शेवट छायांपाशीच हवा. एवढ्या शांततेनंतर लाकडी खांब पाडून काय मिळवायचं?

---

तनुजा_मि | रविवार, रात्री ९:५०

माझा सूर वेगळा आहे, राग मानू नका. मला हा बॅले बघवत नाही. मी इथे मिशिगनला एकदा लेकीला घेऊन गेले होते. भुवयांच्या मधोमध टिकल्या, हात जोडून कोपरं बाहेर, सगळे उठसूट कमरेत वाकताहेत. लेकीने विचारलं, "आपण असं करतो?" मी काय सांगू?

आणि यात नाचणाऱ्या लहान मुलांच्या चेहऱ्यांना काळा रंग फासण्याचा तो प्रकार. पॅरिसला लहान मुलांच्या नाचाचं जुनं हिणकस नाव २०१५ मध्ये बदललं आणि चेहरे रंगवणं थांबवलं. मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरवर २०१९ मध्ये मिस्टी कोपलंड या कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तकीने याच बॅलेतल्या रंगवलेल्या मुलींचा फोटो टाकून टीका केली, तर त्यांनी साफ झटकून टाकलं.

इकडे खऱ्या देवदासींवरून कायदे करावे लागले, मुंबई इलाख्यात १९३४ मध्येच. आपल्याकडे परडी म्हटलं की मला यल्लम्माच्या जोगतिणी आठवतात. त्या परडीत साप नसतो, पण ती धरणारी मुलगीही तिने न निवडलेल्या देवाच्या नावाने देवळात सोडलेली असते. त्यावर एक अक्षर नाही, आणि प्रेमभंगावर तीन अंक.

---

मांडवीतीर | रविवार, रात्री १०:२०

+१. परडीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

मुक्तछंदा | रविवार, रात्री ११:०५

@तनुजा_मि, राग कशाला? त्या टिकल्या मलाही खुपतात. लोक दोन वाटांनी यातून जायला बघताहेत. इंडियाना विद्यापीठात २०२४ मध्ये फिल चॅन आणि डग फुलिंग्टन यांनी नाच कागदावर टिपायच्या जुन्या लेखनपद्धतीवरून पेतिपाची पावलं वाचून काढली आणि गोष्ट उचलून थेट जुन्या हॉलिवूडमध्ये नेली. नाच तोच, भारत गायब. दुसरी वाट नृत्यरचनाकार शोभना जयसिंग यांची. २०१५ मध्ये लंडनला त्यांनी ‘बायादेर’ नावानेच एक रचना केली, तिच्यात त्या १८३८ च्या अम्मनीला परत आणलं. पहिली वाट सोयीची आहे, दुसरी मला जास्त पटते. खोटा भारत काढून टाकला की अडचण संपते, पण मांडवीतीर म्हणतात ती गळून पडलेली बाई परत येत नाही.

तरी एक सांगते. गमझाती-निकियाच्या भांडणात कुठलाच देश नाही. टिकल्या पुसा, साडीसारखं जे काही गुंडाळलंय ते काढा, ते दोघींमधलं अंतर तसंच राहतं. एक मालकीण आहे आणि एक नोकर. त्यामुळे तो नुसता सवतीमत्सरही नाही. गमझाती दागिना देऊ करते तो नोकराला बक्षिसी देतात तसा.

@कथकवाली, छायांपाशी थांबलं तर सोलोरला काहीच भोगावं लागत नाही. छान अफू, छान स्वप्न, पडदा. मला देऊळ पडायला हवं.

---

रापचिक | सोमवार, सकाळी ८:१०

प्रस्ताव : देऊळ पडावं, सोलोर वाचावा, आणि त्याने आयुष्यभर गमझातीच्या माहेरी घरजावई म्हणून राहावं.

---

सोनचाफा | सोमवार, सकाळी ८:३२

@रापचिक, हा खरा शोकान्त.

अजिंठ्याचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून मी करते. रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोव्हाने १९०२ मध्ये मारिन्स्कीत (पुढे त्यालाच किरोव्ह म्हणत) निकिया केली, तिचं नाव होत होतं तो काळ. पुढे ती स्वतःची मंडळी घेऊन जगभर फिरली, भारतातही आली, आणि अजिंठ्याची लेणी बघून गेली. १९२३ मध्ये लंडनला तिने ‘अजिंठ्याची भित्तिचित्रं’ असा बॅले केला. त्याच वर्षी तरुण उदयशंकर तिच्याबरोबर राधा-कृष्ण नाचले. म्हणजे खोट्या देवळातली निकिया शेवटी खऱ्या लेण्यापर्यंत पोचली.

---

आजोबा_७१ | सोमवार, दुपारी ४:१५

काल रात्री नातवाने फोनवरून टीव्हीवर मारिन्स्कीचं छायांचं दृश्य लावून दिलं. एकोणपन्नास वर्षांनी पाहिलं. नात नऊ वर्षांची आहे, शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, मोज. तिने बोटांनी मोजायला घेतलं. सतरापर्यंत आली आणि थांबली. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "त्या सगळ्या एकच आहेत ना?"

मग मीच पुढचं मोजलं. बत्तीस.

---

मुक्तछंदा | सोमवार, दुपारी ४:४०

काका! आईला दाखवते. ती स्वयंपाकघरात मटार-उसळ करतेय आणि कधीपासून तोच तो सूर गुणगुणतेय.